ड्रोन घेऊन गिधाडं शोधायला गेलो त्याची गोष्ट

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ह्या पट्ट्यात प्री-वेडिंगला पुण्या-मुंबईची जोडपी येतात, सुरूच्या बनात हात धरून पळतात, त्यांच्या डोक्यावर जो ड्रोन भुणभुणतो तो बऱ्याचदा माझाच असतो. पक्ष्यांमधलं मला कावळा, घार, बगळा आणि धनेश एवढंच कळायचं, धनेश पण ओरडला तरच. त्यामुळे एका सरांचा फोन आला की गिधाडांची घरटी शोधायचीत, ड्रोन लागेल, येणार का, तेव्हा आधी वाटलं कोणीतरी मस्करी करतंय. सर रिटायर्ड प्राध्यापक, झूऑलॉजीचे. त्यांच्याबरोबर पीएचडी करणारी एक ताई आणि गावागावातली पोरं, जी बाईकवर फिरून कुठल्या झाडावर काय बसलंय ते वहीत लिहून ठेवतात. पैसे नाहीत म्हणाले, पेट्रोल आणि जेवण. मी हो म्हटलं, कारण मधल्या वारी लग्नं नसतात, आणि दुसरं म्हणजे लहानपणी म्हसळ्याच्या बाजूला आजोळी मी गिधाडं बघितलेली, ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचे तिथे यायची, मग ती कधी दिसायची बंद झाली ते कळलं पण नाही.

का बंद झाली ते सरांनी पहिल्याच दिवशी गाडीत सांगितलं. जनावर आजारी पडलं की डायक्लोफेनॅक टोचायचे, दुखण्यावरचं औषध, आपण माणसं घेतो तेच. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या बंद पडतात आणि थोड्या दिवसांत खेळ खल्लास. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं, जी आपल्याकडे झाडांवर घरटी करतात, ती १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत देशभरात हजारातलं एक उरलं इतकी घटली. मला वाटलं सगळ्याच ढोरांना औषध दिलं असणार तेव्हा कुठे एवढं झालं असेल, तर सर म्हणाले अजिबात नाही, मेलेल्या शंभर ढोरांत एखादं जरी तसं असलं तरी पुरेसं आहे, कारण एका ढोरावर अख्खा थवा जेवतो. कारण सापडलं २००४ ला, जनावरांसाठी बंदी आली २००६ ला, तोपर्यंत पंगत उठलेली होती. आणि गिधाड वर्षाला अंडं घालतं एकच. म्हणजे भरून यायचं म्हटलं तरी किती वर्षं जातील तुम्हीच बघा.

आता ड्रोन कशाला, तर निसर्ग वादळ. ३ जून २०२० ला ते आमच्याच उरावर आलं. माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, पण डोंगरउतारावरची मोठाली झाडं गेली त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. सरांच्या ग्रुपकडे आधीच्या वर्षांची घरट्यांच्या झाडांची यादी होती, कुठला बेहडा, कुठला आंबा, कुठली सातवीण, आणि वादळानंतर त्या यादीतली बरीच झाडं जाग्यावर नव्हती किंवा शेंडा मोडून बोडकी उभी होती. पक्षी कुठे गेले? मेले, का दुसऱ्या डोंगरावर गेले? चढून चढून पोरं दमली, रान इतकं दाट वाढलंय की झाडाखाली उभं राहिलं तरी शेंडा दिसत नाही, म्हणून कोणीतरी म्हणालं वरून बघूया.

वरून बघूया म्हणणं सोपं, परवानगी काढणं नाही. लग्नाच्या शूटिंगमुळे मला नियम माहीत होते, २०२१ चे ड्रोन रूल्स आल्यापासून नकाशावर ग्रीन झोन असेल तर ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटर, वेगळी परवानगी लागत नाही. माझा ड्रोन मायक्रोमधला, म्हणजे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोच्या आत, त्याचा यूआयएन नंबर, म्हणजे ड्रोनची सरकारी नोंदणी, आहे, माझ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे. मला वाटलं झालं. तर ताईने सांगितलं की हे विमानवाल्यांचं झालं, पक्ष्याचं वेगळं. गिधाड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये, वाघाच्या रांगेत, आणि त्या १९७२ च्या कायद्यात शिकार ह्या शब्दात पक्ष्याच्या अंड्यांना नि घरट्याला त्रास देणं पण येतं. म्हणजे माझ्या ड्रोनला घाबरून मादी अंड्यावरून उठली आणि कावळ्याने अंडं फोडलं तर मी शिकारी. हे ऐकून माझा अर्धा उत्साह गेला. मग अर्ज, मग त्या अर्जावर प्रश्न, मग पुन्हा अर्ज, एका टेबलावर कागद इतके दिवस झोपला की आम्हाला वाटलं अंड्यातून पिल्लू येऊन उडून पण जाईल, शेवटी लेखी पत्र हातात आलं तेव्हा थंडी अर्धी संपलेली. पत्रात अटी होत्या आणि त्या बरोबरच होत्या, घरट्याच्या अमुक अंतराच्या आत जायचं नाही, बरोबर वनखात्याचा माणूस पाहिजे, जागा कुठेही जाहीर करायची नाही. म्हणून मीही इथे गावाचं नाव देत नाहीये. बागमांडल्याच्या जंगलजेटीच्या, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीच्या धक्क्याच्या, अलीकडे का पलीकडे ते पण विचारू नका.

विमानाने पक्षी शोधणं ही माझ्या मते कोणीतरी काढलेली टूम होती, पण नाही, जुना धंदा आहे तो. सरांना असल्या गोष्टी तोंडपाठ. अमेरिकेत व्हूपिंग क्रेन नावाचा करकोचा आहे, क्रौंचाच्या जातीतला, माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच आणि पांढराशुभ्र. १९४१ च्या सुमारास अख्ख्या जगात वीस-बावीस उरले होते. थंडीत ते टेक्ससच्या किनाऱ्यावर असायचे ते दिसायचे, पण उन्हाळ्यात अंडी घालायला उत्तरेला कुठे जातात ते कोणालाच माहीत नव्हतं, माणसं कित्येक वर्षं विमानाने कॅनडा पालथा घालत होती. आणि सापडले कधी, तर १९५४ च्या जूनमध्ये, वुड बफेलो नॅशनल पार्कात वणवा विझवून परत येणाऱ्या हेलिकॉप्टरमधून, खाली दलदलीत पांढरं काहीतरी दिसलं म्हणून. शोधणारे शोधत राहिले आणि सापडले आगवाल्यांना! मी म्हटलं बघा सर, म्हणजे वरून दिसतं. सर म्हणाले, हो, पक्षी पांढरा आणि खाली उघडं पाणी असेल तर दिसतं. आपला पक्षी काळपट, झाडात बसलेला, आणि खाली हिरवं रान. मला तेव्हा हा माणूस उगीच पाणी ओततोय असं वाटलं होतं.

हेलिकॉप्टर किंवा छोटं विमान आपल्याकडे का नाही असं पोरांनी विचारलं, त्याचं उत्तर पैसे हे तर आहेच, पण आवाज आणि खाली येणारा वारा, घरट्यातल्या काटक्या उडतील. शिवाय गिधाड आणि विमान ही जुनी भांडणं. एके काळी आपल्या विमानतळांवर सगळ्यात मोठी डोकेदुखी गिधाडांचीच होती, आदळली की इंजिन गेलं. आफ्रिकेत आबिजानजवळ १९७३ ला एक गिधाड विमानाला धडकलं ते ३७,००० फुटांवर! आपण १२० मीटरची अट पाळतो आणि हा बाबा अकरा किलोमीटरवर.

सुरुवात केली ती रीतसर. कातळावर, म्हणजे सड्यावर गाडी न्यायची, पहाटे निघायचं आणि उजाडल्या उजाडल्या उडवायचं. ह्याला कारणं दोन. एक वारा. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, हलका, नंतर ऊन तापलं की दहा-साडेदहाला खारा वारा उलटा येतो आणि तो आला की माझी बॅटरी निम्मी परतीच्या वाटेवरच जाते, कागदावर अर्धा तास उडणारा ड्रोन वाऱ्यात वीस मिनिटांत रडायला लागतो. दुसरं कारण गिधाडाचं. ते जड पक्षी, पंख मारत फिरणं त्याला परवडत नाही, जमीन तापून गरम हवा वर चढायला लागली की तिच्यावर गोल गोल चढतं आणि मग घसरत लांब जातं. कॉलिन पेनिक्विक नावाच्या शास्त्रज्ञाने सेरेंगेटीत मोटर ग्लायडर घेऊन गिधाडांच्या मागे मागे उडत हे बघितलेलं, त्याच हवेत, त्यांच्याच बरोबर चढत, त्याचं लिखाण १९७२ ला छापून आलं. ते ऐकून मला त्या माणसाचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. तर मुद्दा हा की गरम हवा सुरू व्हायच्या आधी गिधाड झाडावरच बसलेलं असतं, म्हणून सकाळ.

टेकऑफ खालून करायचा नाही हे मी पहिल्यांदाच सांगितलं. ड्रोन उंची मोजतो ती जिथून उडाला तिथून. तुम्ही खाडीच्या काठावरून ८० मीटर लावून डोंगराकडे पाठवला तर त्याला वाटतं मी ८० वर आहे आणि समोर डोंगर चढत आलेला असतो, ड्रोन झाडात. म्हणून वरच्या कातळावरून उडवायचं आणि उताराला धरून खाली खाली जायचं. कोणाच्या गच्चीवरून पण नको, स्लॅबमधल्या सळयांमुळे कंपास वेडा होतो. ह्या बाबतीत सगळे माझं ऐकायचे, तेवढंच बरं वाटायचं.

मग उभ्या-आडव्या रेषा आखून फोटो. ॲपमध्ये चौकोन काढायचा, ओव्हरलॅप सत्तर टक्के, ड्रोन नांगरणी केल्यागत जातो-येतो आणि खाली बघून फोटो काढत राहतो. रात्री लॅपटॉपवर ते फोटो एकेक करून बघायचे. हे काम कोणी सांगत नाही. उडवण्यात मजा, सगळ्यांना रिमोट हातात पाहिजे, पण रात्री जेवून डोळे मिटत असताना हिरव्या रंगाचे फोटो बघत बसणं, त्यात कुठे काड्यांचा ढीग दिसतोय का, ह्यात पक्षीप्रेम कळतं. मी बऱ्याच फोटोंवर गोल काढून ‘घरटं’ लिहिलं आणि ताईने दुसऱ्या दिवशी त्यातले बहुतेक खोडले. आंब्यावरचं बांडगूळ वरून हुबेहूब घरटं दिसतं. शेकरूचं घरटं पण, ते पानं-काटक्यांचा गोळा करतं, एकेक शेकरू वेगवेगळ्या झाडांवर बरीच बांधून ठेवतं, त्यामुळे आमच्याकडे गिधाडं सापडायच्या आधी शेकरूंची वस्ती सापडली. मोडलेली फांदी लटकून वाळलेली असली की घरटं. वादळात तुटलेल्या शेंड्यावर वेल चढलेला असला की घरटं. माझ्या डोळ्याला सगळंच घरटं.

आणि पक्षी दिसला तरी ओळखायचा कसा हा वेगळाच घोळ. पुस्तकात शिकारी पक्ष्यांची चित्रं असतात ती खालून, पंख पसरून डोक्यावरून चाललाय अशी, कारण माणूस खालूनच बघतो. वरून बघितलं की सगळं उलटं. गिधाडाच्या बाबतीत हे आमच्या फायद्याचं निघालं, त्याच्या पाठीच्या खालच्या भागावर पांढरा पट्टा असतो तो पंख उघडले की वरूनच नीट दिसतो, बसलं की पंखाखाली झाकला जातो. समुद्री गरुडाचं मात्र उलट, खालून पांढराफेक पोट दिसतं, वरून करडी पाठ, पांढरं डोकं आणि शेपटीचं टोक पांढरं. ताईने आम्हाला वरून दिसणारे पक्षी म्हणून स्वतः पेन्सिलीने चित्रं काढून दिली, लॅमिनेट करून, ती माझ्या ड्रोनच्या बॅगेत अजून आहेत.

समुद्री गरुडाचं घरटं आम्हाला न शोधता मिळालं. किनाऱ्याजवळ उंच झाडावर काटक्यांचा एवढा मोठा ढिगारा की त्यात माणूस झोपेल, दर वर्षी तेच घरटं डागडुजी करून वापरतात म्हणून वाढत जातं. झाडाखाली आम्ही गेलो तर पाल्यात माशांचे काटे आणि बारीक मणक्यांच्या माळा पडलेल्या, मी म्हटलं हे कुठल्या माशाचे, तर सर म्हणाले मासा नाही, समुद्रातला साप. गरुड पाण्यावरून साप उचलून आणतो आणि वर बसून खातो, हाडं खाली. त्या माळेतला एक मणका मी हातात घेऊन बघितला, करंगळीच्या नखाएवढा, इतका नीट कोरलेला की सोनाराने केला असता तर पैसे लावले असते. सरांनी तो परत जाग्यावर ठेवायला लावला.

त्या गरुडाला मात्र आमचा ड्रोन आवडला नाही. लांब होतो आम्ही, घरट्याकडे गेलोच नव्हतो, दुसऱ्या उतारावरून परत येत होतो, तेवढ्यात स्क्रीनवर सावली आली आणि ताई ओरडली. असा पक्षी मागे लागला तर ड्रोनवाले एकमेकांना सांगतात की सरळ वर घ्यायचा, त्याला तेवढं उभं चढता येत नाही. घेतला, पण वर १२० मीटरचं छप्पर, तिथे थांबावं लागतं, आणि तो गोल गोल फिरून चढत येतोय शांतपणे. शेवटी त्याच्या हद्दीतून बाहेर पडलो असू, कारण एक वळसा घेऊन तो निघून गेला. माझे हात थरथरत होते. लग्नात नवरदेवाच्या मामाने बंदुकीचा बार काढला होता तेव्हा पण एवढा घाबरलो नव्हतो. सरांनी सांगितलं की ह्या बाजूला आता उडवायचं नाही, ह्या सीझनला बंद, आणि तो उतार नकाशावरून कापून टाकला.

तर असं करत करत दिवस चाललेले आणि गिधाडाचं घरटं काही नाही. आकाशात लांब दोन-तीन दिसायची, म्हणजे आहेत, पण राहतात कुठे? आणि ते सापडलं ते एका पाडेलीमुळे. माडावर चढून नारळ पाडणारा म्हातारा, आम्ही कातळावर रिमोट घेऊन माना वर करून उभे, तो खांद्यावर दोर टाकून बाजूने चालला होता, थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “वर काय बगताव? गिदाड बगायचा हाय तर खाली बगा ना.”

आम्ही म्हटलं, “काका, खाली म्हणजे?”

“शिटतात ना ती. पाला पांढरा हुतो, वास मारतो. मी माडावर चढलो की समोरच्या घळीत दिसतो ना मला तो झाड.”

एवढी पोरं, एवढा कॅमेरा, आणि हा माणूस रोज सकाळी माडाच्या शेंड्यावर बसून समोर बघतोय. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही सरपंचांना भेटलो, गुराख्यांना भेटलो, पण पाडेली नाही सुचला. आणि आम्ही फोटोत शोधत होतो ते पण चुकीचं. घरटं शोधत होतो, काड्या, आणि शोधायला पाहिजे होता पांढरा पाला. रात्री जुने फोटो पुन्हा काढून बघितले तर त्या घळीच्या कडेच्या एका फोटोत, अगदी कोपऱ्यात, एका झाडाचा अर्धा माथा चुना सांडल्यासारखा दिसतोय. आम्ही त्या फोटोवरून पुढे गेलो होतो. ऊन चमकतंय समजून.

दुसऱ्या दिवशी गेलो. आधी पायी, वनखात्याच्या दादांबरोबर, समोरच्या धारेवर जाऊन दुर्बिणीने बघितलं. मोठा बेहडा, घळीच्या तोंडाशी, आणि वरच्या फांद्यांच्या बेचक्यात सपाटसं घरटं, त्यात पक्षी बसलेला, पण आत काय आहे ते धारेवरून दिसत नव्हतं, कड आडवी येत होती. पिल्लू आहे का अंडंच आहे, का नुसतंच बसलंय? एवढ्याच प्रश्नासाठी ड्रोन उडवायचा ठरला. एकदाच.

उडवायच्या आधी ताईने अर्धा तास शिकवणी घेतली. फ्रान्समधल्या लोकांनी २०१५ ला प्रयोग केलेला, पाणपक्ष्यांकडे ड्रोन वेगवेगळ्या कोनांतून आणि वेगाने नेऊन बघितलेला. रंगाचा फरक पडला नाही, वेगाचा पडला नाही, पण ड्रोन डोक्यावर सरळ उभा उतरवला की पक्षी बिचकायचे, आणि तिरपा, लांबून सावकाश आला की बऱ्याचदा ढिम्म बसून राहायचे. बरोबरच आहे, वरून सरळ येतो तो शिकारी असतो. म्हणजे लग्नात मी जो शॉट मारतो, वरून नवरा-नवरीवर उतरत यायचं, तो इथे सगळ्यात वाईट. मग मी लांब, पत्रात दिलेल्या अंतराच्या बाहेर, घरट्यापेक्षा थोडाच उंच ठेवून बाजूने नेला, तो पण थांबत थांबत, आणि झूम केलं. सर दुर्बिणीला डोळा लावून फक्त पक्षी बघत होते आणि त्यांनी हात वर केला की मी मागे घ्यायचं असं ठरलेलं.

स्क्रीनवर आलं ते आधी नुसतं काळं. मग फोकस झालं. उघडी मान, मानेच्या बुडाशी पांढऱ्या पिसांची कॉलर, आणि ती मान हळूच वळली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि परत खाली घातली. उठला नाही. आणि त्याच्या छातीखालून मळकट राखाडी लवेचा एक गोळा बाहेर आला, चोच मोठी आणि डोकं लहान असं बेढब, आणि त्याने मोठ्याच्या चोचीत आपली चोच घातली. घरट्यात हिरव्या पानांची डहाळी पडलेली, कडेला पांढरे ओघळ. ताई काही बोलली नाही, नुसतं माझा दंड दाबून धरला. सरांचा हात वर गेला नव्हता तरी मी मागे घेतला, पुरे झालं म्हणून, आणि सर म्हणाले शहाणा आहेस. शेजारच्या झाडावर अजून एक घरटं आहे असं दिसलं पण तिकडे वळवलाच नाही, ते नंतर पोरांनी धारेवरून टेलिस्कोप लावून बघितलं. तिथून पुढे तो सगळा सीझन ड्रोन बॅगेत आणि टेलिस्कोपची पाळी, आळीपाळीने, झाडापासून लांब.

व्हिडिओ बघून ताईने सगळ्यात आधी काय केलं तर दुसऱ्या दोन अभ्यासकांना काहीही न सांगता पाठवला, हा पक्षी कोणता आणि घरट्यात काय आहे ते वेगवेगळं लिहून द्या म्हणून. मला हसू आलं, एवढं स्वच्छ दिसतंय. तर तिने अमेरिकेतल्या एका सुतार पक्ष्याची गोष्ट सांगितली, आयव्हरी-बिल्ड वुडपेकर, जो संपला म्हणून जाहीर करायचा प्रस्ताव तिथल्या सरकारने २०२१ ला आणला होता, आणि २०२३ ला काही संशोधकांनी लुईझियानाच्या जंगलातले ड्रोनचे व्हिडिओ पुढे करून सांगितलं की आहे, हा बघा. व्हिडिओ लांबचे, पुसट, काही तज्ज्ञ म्हणाले पटतंय, काही म्हणाले हा दुसराच सुतार आहे. भांडण मिटलं नाही. ड्रोन हवेत गेला म्हणजे पुरावा झाला असं नसतं. हे मला पटलं, कारण लग्नाच्या अल्बममध्ये पण लोक म्हणतात हा आमचा काका नाहीच.

एक राग मात्र लिहूनच टाकतो. हे कळल्यावर माझ्या धंद्यातल्या दोघा-तिघांनी मला लोकेशन मागितलं, रील करायचं म्हणून, एकाने तर पैसे देऊ केले. ड्रोन आता स्वस्त झालेत, २५० ग्रॅमच्या आतला कोणीही घेतो, आणि घरट्यावर नेऊन पक्षी उडाला की तोच शॉट भारी वाटतो लोकांना, पंख पसरून उडतोय म्हणून. अरे तो पळतोय! खाली पिल्लू उन्हात पडलंय. असल्या रीलला लाईक करू नका एवढं तरी करा.

बाकी राहिला तो बेहडा. तो मालकीच्या जागेत. आमच्याकडे डोंगरउतार बरेचसे मालकीचेच, दर काही वर्षांनी लाकूडवाल्या व्यापाऱ्याला रान विकतात, परवाना काढतात, तोड होते, चार पैसे मिळतात, त्यात कोणाचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, पोरांच्या फिया त्यातूनच जातात. ह्या घळीची बोली झालेली होती, झाडांवर खुणा पण केलेल्या. सर मालकाला भेटायला गेले, मला बरोबर नेलं, लॅपटॉप घेऊन. मालक साठीचे, अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला, मग बायकोला हाक मारून तिला दाखवला, मग म्हणाले आमच्या लहानपणी ही ढोरावर पन्नास पन्नास बसायची. सर म्हणाले पिल्लू उडेपर्यंत तरी थांबा, पाऊस लागायच्या आत उडून जाईल. ते म्हणाले पावसाच्या आत व्यापाऱ्याला लाकूड पाहिजे, पावसात ट्रक चढत नाही, हे तुम्हाला माहीत आहे सर. बराच वेळ चहा-पाणी झालं, व्यापाऱ्याला फोन लागला, तो तयार होईना, मग तयार झाला पण त्याचा हिशोब वेगळा. शेवटी ठरलं ते असं की बेहडा, शेजारचं झाड आणि भोवतालची थोडी पट्टी ह्या वर्षी ठेवायची, त्याचे जे पैसे कमी मिळतील ते ग्रुप देणार, बाकीचा उतार तुटणार. सर तेवढ्यावर राजी झाले. ताई झाली नाही, ती अजून नाराज आहे, तिचं म्हणणं की भोवतालचं रान गेलं की वारा थेट झाडावर येतो आणि पुढच्या वादळात ते झाड पहिलं पडेल. तिचं बरोबर असेल. त्यांच्या ग्रुपने आता झाडांचं भाडं म्हणून दर वर्षी काहीतरी द्यायचं असा अर्ज वर पाठवलाय, तो कुठल्या टेबलावर आहे ते मला विचारू नका.

मालकांनी मला जाताना बाजूला घेतलं. ड्रोनची किंमत विचारली, किती वजन उचलतो विचारलं. म्हटलं काका हा काही उचलत नाही, फोटो काढतो फक्त. तर म्हणाले मग काय उपयोग, माझ्या हापूसवर फवारणीला माणूस मिळत नाही, तसला असेल तर सांग, त्या बेहड्याच्या बाजूने फिरवणार नाही, शब्द देतो.